फॅमिली ट्रिपमध्ये बेटावर स्कूबा सर्टिफिकेशन करायचंय? जागा कशी निवडायची ते स्टेप बाय स्टेप

स्कूबाचा विषय आमच्या घरात लेकीने काढला. तेव्हा ती ११ वर्षांची होती, धाकटा ७ वर्षांचा, आणि आम्ही आठवडाभर एका बेटावर जाणार होतो. तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून मी पण कोर्सला नाव दिलं. रिसॉर्टच्या डेस्कवर बोर्ड दिसला, तिथेच पैसे भरले, दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात. तिसऱ्या दिवशी कोर्स अर्धवट सोडावा लागला कारण लेकीचा कान ठणकत होता आणि ती पाण्याकडे बघायलाही तयार नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या डाईव्ह सेंटरमध्ये तोच कोर्स आम्ही दोघींनी मजेत पूर्ण केला. पहिल्यांदा आम्ही जागा फक्त जवळ होती म्हणून निवडली होती, दुसऱ्यांदा कोण शिकवणार आणि त्याच्याकडे आमच्यासाठी किती वेळ आहे हे बघून निवडली. या दोन ट्रिपमध्ये जे कळलं ते सगळं खाली लिहितेय, तुमच्या मुलांवर पहिल्या ट्रिपची वेळ येऊ नये म्हणून.

१. आधी ठरवा, कार्ड हवंय की फक्त अनुभव

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बेटांवर "स्कूबा करा" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा ट्राय डाईव्ह असतं, म्हणजे थोडी माहिती, उथळ पाण्यात थोडा सराव आणि मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, जास्तीत जास्त १२ मीटर. शेवटी एक छान छापील सर्टिफिकेट पण देतात आणि लोकांना वाटतं झालं सर्टिफिकेशन. ते सर्टिफिकेशन नाही. पुढच्या ट्रिपला ते दाखवून कोणी तुम्हाला डाईव्हला नेणार नाही.

खरं कार्ड म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. त्यात थिअरी, पूल किंवा पूलसारख्या शांत पाण्यातला सराव आणि समुद्रात ४ ट्रेनिंग डाईव्ह असतात, आणि त्यावर मोठी माणसं सोबतच्या दुसऱ्या डायव्हरबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकतात. मधे एक "स्कूबा डायव्हर" नावाचं छोटं कार्ड पण असतं. नाव ऐकून तेच पूर्ण वाटतं, पण त्यात १२ मीटरची मर्यादा आहे आणि कायम प्रोफेशनल सोबत लागतो. बुकिंग करताना "ओपन वॉटर डायव्हर, चारही डाईव्हसकट" असं स्पष्ट लिहून घ्या.

कार्ड देणारी संस्था पॅडी की एसएसआय की नाउई, यावर फार डोकं शिणवू नका. नाउई १९६० ची, पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, तिघी जुन्या संस्था आहेत आणि त्यांचं ओपन वॉटर कार्ड जगभर चालतं.

२. घरातलं कोण कोण पाण्यात जाणार

पॅडीचे आकडे सांगते कारण तेच जास्त ठिकाणी दिसतात:

- ८ वर्षांपासून बबलमेकर (नुसता अनुभव, कार्ड नाही), फक्त २ मीटर खोलीपर्यंत
- १० वर्षांपासून ज्युनिअर ओपन वॉटर
- १० आणि ११ वर्षांची मुलं १२ मीटरपर्यंत, आणि आईवडील, पालक किंवा प्रोफेशनलसोबतच
- १२ ते १४ ची मुलं १८ मीटरपर्यंत, सोबत सर्टिफाईड मोठं माणूस हवं
- १५ पूर्ण झाल्यावर नेहमीचं कार्ड

याचा सरळ अर्थ असा की मुलाचं एकट्याचं सर्टिफिकेशन करून फार उपयोग नाही, पुढे त्याच्याबरोबर पाण्यात उतरायला घरातलं कोणीतरी लागतं. म्हणून शक्य असेल तर आई किंवा बाबा एकाने मुलाबरोबरच कोर्स करा.

दुसरं म्हणजे मुलाला स्वतःला हवंय का हे नीट विचारा, आणि तुम्ही दोघंच असताना विचारा, भावंडांसमोर नको. वय बसतं म्हणजे मूल तयार आहे असं नाही. माझ्या लेकीला मासे बघायचे होते पण मास्कमध्ये पाणी गेलं की ती घाबरायची, आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते बाहेर काढणं हा तर कोर्सचा भागच आहे. दुसऱ्या वेळेस आम्ही आधी दोन महिने पूलमध्ये नुसता मास्क घालून खेळलो आणि तिची भीती तिथेच गेली.

पोहण्याची टेस्ट पण असते, २०० मीटर न थांबता (मास्क, फिन्स, स्नॉर्केल घातलं तर ३०० मीटर) आणि १० मिनिटं तरंगणं. वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो. पण जाण्याआधी एकदा करून बघा, सुट्टीत पहिल्यांदा कळायला नको.

आणि जे पाण्यात जाणार नाहीत त्यांचाही विचार करा. कोर्सचे तीन-चार दिवस अर्धा अधिक दिवस तुम्ही गायब असता. आमच्याकडे नवरा धाकट्याला घेऊन होता, पहिल्या ट्रिपला तो अगदी कंटाळून गेला आणि चिडला, त्याची चूक नव्हती. दुसऱ्यांदा आम्ही असं सेंटर शोधलं जिथे शेवटच्या दिवशी त्याच बोटीवर स्नॉर्केलिंगवाल्यांना पण घेतात. तो दिवस सगळ्यांचा झाला.

३. थिअरी आणि पूल आधी उरकायचं की सगळं बेटावर

माझं मत स्पष्ट आहे, निदान थिअरी तरी घरून ऑनलाईन करून जा. नाहीतर समोर समुद्र आणि मुलं खोलीत बसून व्हिडिओ बघतायत, क्विझ सोडवतायत. निघायच्या आदल्या रात्री नाही, दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, मुलांना प्रेशर आणि हवेचा भाग समजायला वेळ लागतो.

तुमच्या शहरात चांगलं डाईव्ह सेंटर असेल तर पूलचा भाग पण तिथेच होतो आणि बेटावर फक्त समुद्रातल्या ४ डाईव्ह उरतात. याला रेफरल म्हणतात. पॅडीमध्ये रेफरलचे कागद शेवटच्या ट्रेनिंगपासून १२ महिने चालतात. फायदा मोठा आहे, बेटावर चारऐवजी दोनच दिवस लागतात. अडचण एकच, मूल एका इन्स्ट्रक्टरला सरावतं आणि समुद्रात दुसराच भेटतो. लाजरं मूल असेल तर मी रेफरलऐवजी सगळा सराव बेटावर एकाच माणसाकडे करेन, थोडे दिवस जास्त गेले तरी.

ट्रॅप: बेटावरचं सेंटर रेफरल घेतं का, आणि तुमच्याच संस्थेचं घेतं का, हे मेलवर विचारून ठेवा. तोंडी "हो हो या" वर विसंबू नका.

४. बेट आणि महिना

शिकण्यासाठी बेट आणि बघण्यासाठी बेट ही दोन वेगळी असू शकतात. मालदीवमध्ये अटॉलच्या (म्हणजे कड्यासारख्या प्रवाळ बेटांच्या) चॅनलमध्ये करंट असतो, मेक्सिकोच्या कोझुमेलला तर ड्रिफ्ट डायव्हिंगच प्रसिद्ध आहे, पाणी तुम्हाला ढकलत नेतं. अनुभवी लोकांना ते आवडतं पण पहिल्या चार डाईव्हना तुम्हाला आत शिरलेली शांत खाडी, वाळूचा तळ आणि हळूहळू वाढणारी खोली पाहिजे. अशी शांत जागा या बेटांवर पण मिळू शकते, फक्त ट्रेनिंग नेमकं कुठे करतात ते विचारा. थायलंडच्या को ताओवर इतके लोक शिकायला जातात की तिथे सगळी व्यवस्थाच नवशिक्यांसाठी आहे. पण सेंटरं ढीगभर असल्यामुळे पाचवी पायरी तिथे आणखी महत्त्वाची. कॅरिबियनमधल्या बोनेअरला किनाऱ्यावरून चालत समुद्रात उतरायची सोय आहे, बोटीत मळमळणाऱ्यांसाठी ते बरं, पण टाकी पाठीवर घेऊन दगडांवरून चालणं १० वर्षांच्या मुलाला जड जातं, त्यामुळे किनाऱ्यावरून असेल तर मुलाची टाकी पाण्यापर्यंत कोण नेणार हे पण विचारा.

महिना चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. अंदमानला जून ते सप्टेंबर पावसाळी समुद्र असतो. कॅरिबियनचा वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. थायलंडमध्ये तर दोन किनाऱ्यांचे दोन हिशोब, पश्चिमेला मे ते ऑक्टोबर खराब आणि को ताओच्या बाजूला नोव्हेंबरच्या आसपास जोराचा पाऊस. स्वस्त पॅकेज दिसलं की आधी महिना बघा.

पाणी किती गार असतं तेही विचारा. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर जाते आणि बारीक मुलं मोठ्यांच्या आधी कुडकुडायला लागतात, कुडकुडणारं मूल काहीच शिकत नाही. मुलाच्या मापाचा वेटसूट आणि बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) आहे का हे उंची-वजन कळवून विचारा. पहिल्या ट्रिपला लेकीला मोठ्यांचा स्मॉल साईझ दिला होता, तो सारखा वर सरकत होता आणि तिचं सगळं लक्ष त्याच्यातच.

५. सेंटरला विचारायचे प्रश्न

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोन-तीन सेंटरं निवडा आणि सगळ्यांना हेच प्रश्न पाठवा, उत्तरं कशी देतात त्यावरूनच अर्धा निकाल लागतो.

*एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण?* ओपन वॉटर कोर्सला समुद्रात पॅडीची मर्यादा एका इन्स्ट्रक्टरमागे ८ विद्यार्थी आहे, आणि गटात १०-११ वर्षांची मुलं असली तर एकूण ४ जण, त्यातली या वयाची जास्तीत जास्त २. ही कमाल मर्यादा आहे, चांगली सेंटरं स्वतःहून ४ च्या वर जात नाहीत. आमच्या पहिल्या वेळेस गट मोठा होता, इन्स्ट्रक्टर एकेकाला स्किल करायला लावत होता आणि बाकीचे तळाशी गुडघ्यावर बसून वाट बघत होते, त्यात लेक कान दुखतोय म्हणून खूण करत होती ते त्याला दिसलंच नाही. तुमच्या कुटुंबापुरता वेगळा इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर बाकी कुठेही काटकसर करा पण तो घ्या.

*किती दिवसांत करता?* सगळं बेटावर करायचं असेल तर मुलांसाठी चार दिवस धरा. "दोन दिवसांत कार्ड" म्हणणाऱ्यांकडे थिअरी आणि पूल आधीच झालं असेल तरच जा.

*माझ्या मुलाला एखादं स्किल जमलं नाही तर?* माझा सगळ्यात आवडता प्रश्न. "आमच्याकडे सगळे पास होतात" असं उत्तर आलं तर सोडून द्या. चांगलं सेंटर सांगतं की एक दिवस जास्त देऊ, तरीही नाही झालं तर जेवढं झालंय त्याचे रेफरल पेपर देऊ, घाई करणार नाही. आम्हाला दुसऱ्या सेंटरने उलट विचारलं की मागच्या वेळी काय झालं होतं ते सविस्तर लिहा, आणि पहिला दिवस लेकीला फक्त कान मोकळे करायला शिकवण्यात घालवला. तिथेच मला कळलं की आपण बरोबर ठिकाणी आलोय.

*इन्स्ट्रक्टर कोण, तो कुठली भाषा बोलतो आणि मुलांना शिकवतो का?* नाव आणि नंबर मागा. पॅडीच्या वेबसाईटवर नंबर टाकून तो सध्या शिकवायला पात्र आहे का ते तपासता येतं. भाषा मुलाला समजली पाहिजे, फक्त तुम्हाला समजून उपयोग नाही.

*ऑक्सिजन किट कुठे असतो, जवळचा रिकम्प्रेशन चेंबर कुठे?* हे विचारताना संकोच करू नका. बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन असलाच पाहिजे. चेंबर, म्हणजे डाईव्हनंतर त्रास झाला तर दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली, प्रत्येक बेटावर नसतो, पण तिथे कसं न्यायचं याचा प्लॅन त्यांच्याकडे तयार हवा.

*पैशात काय काय येतं?* ऑनलाईन मटेरियल, कार्डाची फी, गिअरचं भाडं, बोट, मरीन पार्कची फी. स्वस्त दिसणाऱ्या कोर्समधून बहुतेक यातलंच काहीतरी वगळलेलं असतं.

६. पैसे भरायच्या आधी एक चक्कर मारा

पूर्ण रक्कम आधी भरू नका, थोडा ॲडव्हान्स ठीक. पोचल्यावर संध्याकाळी बोट परत येते तेव्हा सेंटरवर जा आणि नुसतं बघत बसा. गिअर गोड्या पाण्यात धुतात का, रेग्युलेटर (तोंडात धरून ज्यातून श्वास घेतात ते) वाळूत पडलेत का, परत आलेली लोकं हसत बोलतायत की गप्प आहेत. पूलमध्ये क्लास चालू असेल तर बघा, विद्यार्थी तळाला गुडघे टेकून सगळं करतायत की तरंगत करतायत. तरंगत शिकवायला इन्स्ट्रक्टरला जास्त वेळ लागतो, पण तसं शिकलेला माणूस पुढे रीफला लाथा मारत नाही आणि हवा पण कमी वापरतो.

बोटीवर निघताना आणि परतताना नावं वाचून हजेरी घेतात का हे नक्की विचारा. १९९८ साली ग्रेट बॅरियर रीफवर एका जोडप्याला मोजणीत चूक झाल्याने बोट समुद्रातच सोडून परत आली होती आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते दोघं कधीच सापडले नाहीत. नुसती डोकी मोजणं पुरत नाही, नाव घेऊन हजेरी हवी.

७. मेडिकल फॉर्म, हा घरीच भरा

प्रत्येक सेंटर मेडिकल प्रश्नांचा फॉर्म देतं. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट्स, हृदयाचा त्रास, डायबेटिस असे प्रश्न असतात, ४५ च्या वर वय असेल तर बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट याबद्दल जास्तीचे. काही प्रश्नांना "हो" उत्तर आलं की डॉक्टरची सही लागते आणि बेटावर रविवारी सकाळी डॉक्टर शोधत फिरणं म्हणजे कोर्सचा एक दिवस गेला. फॉर्म आधी डाऊनलोड करा, घरीच वाचा, गरज असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. प्रेग्नंट असाल तर या वेळी डायव्हिंग नाहीच, त्यात मधला रस्ता नाही.

आणि प्लीज, "सगळ्याला नाही लिहा, मग काही प्रॉब्लेम नाही" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. लहानपणी मुलाला दमा होता तर डॉक्टरने तपासून हो म्हणणं हीच खरी सुरक्षितता आहे.

सर्दी असताना डाईव्ह नको. पाण्यात पहिल्या १० मीटरमध्येच प्रेशर दुप्पट होतं, म्हणून कानाला सगळ्यात जास्त त्रास वरच्या उथळ भागातच होतो. नाक बंद असेल तर कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होऊ शकते. मुलाला सांगून ठेवा, दुखायच्या आधीच कान मोकळे करायचे, दुखलं तर खूण करून थांबायचं, थोडं वर यायचं, आणि त्यासाठी कोणीही रागावणार नाही.

इन्शुरन्स: साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं. पॉलिसी उघडून तो शब्द शोधा. नसेल तर डायव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स घ्या, डॅन म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही त्यातली जुनी संस्था आहे.

८. कोर्स सुट्टीच्या सुरुवातीला ठेवा

पोचल्याचा दिवस आराम आणि भरपूर पाणी पिणं, दुसऱ्या दिवसापासून कोर्स. शेवटी ठेवलात तर एक दिवस वारा सुटला की सगळं कोसळतं, आणि विमानाचा प्रश्न वेगळाच.

डाईव्हनंतर लगेच उडता येत नाही, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. डॅनची शिफारस अशी की एकच डाईव्ह असेल तर किमान १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाईव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. मी सरळ २४ तास धरते. ट्राय डाईव्हला पण हाच नियम.

इथला ट्रॅप असा की लोक विमानच धरतात, डोंगर विसरतात. हवाईच्या बिग आयलंडवर मौना केआ ४,२०७ मीटर उंच आहे आणि गाडीने वर जाता येतं, स्पेनच्या तेनेरीफ बेटावर तेईदे डोंगराची केबल कार ३,५५५ मीटरवर नेते. सकाळी डाईव्ह आणि दुपारी डोंगर हा प्लॅन अजिबात नको. हेलिकॉप्टर राईड पण तशीच. डोंगर आधी करा, समुद्र नंतर, किंवा मधे पूर्ण एक दिवस सोडा.

९. सोबत काय न्यायचं

- पासपोर्ट किंवा फोटो आयडी, सगळ्यांचे
- भरलेला मेडिकल फॉर्म, लागत असेल तर डॉक्टरच्या सहीचा
- ऑनलाईन थिअरी पूर्ण झाल्याचं रेकॉर्ड, मोबाईलमध्ये आणि प्रिंट दोन्ही, कारण बेटावर नेट कधी दगा देईल सांगता येत नाही
- रेफरलचे कागद
- इन्शुरन्सचा नंबर आणि इमर्जन्सी फोन
- मुलांसाठी पालकांच्या सहीची परवानगी. मूल मामा किंवा आजीबरोबर जाणार असेल तर ही सही आधीच करून द्या
- स्वतःचा मास्क

गिअरमधलं काहीच विकत घेऊ नका, मास्क सोडून. मास्क चेहऱ्याला बसला नाही तर आख्खा कोर्स पाणी काढण्यात जातो. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने हलकी हवा ओढा, हात सोडल्यावर तसाच राहिला तर तो तुमचा. नवीन मास्कच्या काचेवर फॅक्टरीचा पातळ थर असतो, तो आतून टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा नाहीतर सारखं धुकं येतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो.

१०. निघण्याआधी सेंटरवरून हे घ्या

चारही डाईव्हची लॉगबुकमध्ये नोंद आणि इन्स्ट्रक्टरची सही, नंबरसकट. कार्ड आता बहुतेक डिजिटल येतं, तुम्ही तिथे असतानाच त्यांना सिस्टिममध्ये भरायला सांगा आणि नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख स्वतः तपासा, मुलांच्या बाबतीत जन्मतारखेवरच खोलीची मर्यादा ठरते. लेकीची तारीख आमच्याकडे चुकली होती, काउंटरवर उभ्या-उभ्या दोन मिनिटांत दुरुस्त झाली. कोर्स अपूर्ण राहिला असेल तरी जेवढं झालंय त्याचे पेपर घेतल्याशिवाय बेट सोडू नका, पहिल्या ट्रिपला मी तेवढे मागून घेतले होते आणि पुढच्या वर्षी लेकीचा पूलचा भाग नव्याने करून घेताना त्या कागदावरूनच नव्या इन्स्ट्रक्टरला कळलं की ती नेमकी कुठे अडली होती.